दर दहा दिवसांनी जाणारी फाइल

भूम-परंड्याच्या पट्ट्यात सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, उसाचा कारखाना देईल तेव्हा येतो, दुधाचा पगार मात्र महिन्यातून तीनदा होतो. किराणा, पेंडीची पोती, पोरांची फी हे सगळं त्या पगारावर चालतं. पूर्वी तो रोख मिळायचा, आता खात्यात जमा होतो. जमा होण्याआधी तो एका फाइलमध्ये असतो, आणि ती फाइल संकलन केंद्रातून दूध संघाच्या कार्यालयात, तिथून बँकेत अशी या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर जाते. त्या फाइलला कुणी हात लावायचा, आणि कुणी हात लावायचा हे कुणी ठरवायचं? मोठ्या बँका या प्रश्नासाठी वेगळा विभाग ठेवतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक संस्थांत ‘ते आमचा कॉम्प्युटरवाला बघतो’ एवढ्या एका वाक्यावर तो मिटतो. शेकडो घरांचा दहा दिवसांचा घास त्या वाक्यावर टेकलेला असतो, म्हणून मला तो मिटलेला वाटत नाही.

खालचा संवाद मी रचला आहे. त्यातली दूध संस्था कुठली एक नाही आणि माणसंही कुणी एक नाहीत. युक्तिवाद मात्र धाराशिव, भूम, कळंबच्या कार्यालयांत ऐकायला मिळतात तेच आहेत. अण्णा उपकोषागारातून निवृत्त झाले आणि आता गावी राहून त्या दूध संस्थेचे हिशेब बघतात. त्यांची पुतणी, जिला सगळं घर ताईच म्हणतं, एका दूध संघाची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळते. फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲडमिनचे अधिकार वाटून द्यावेत, असं तिचं म्हणणं. अण्णांना ते पसंत नाही.

अण्णा : आज एकच कॉम्प्युटरवाला पोरगा सगळं बघतोय. एवढ्या वर्षांत एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही. आता त्याच्या हातातलं काढून तिघांत वाटायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतंय.

ताई : संशय नाही अण्णा, त्याचीच राखण आहे. उद्या एखाद्याचा पगार भलत्याच खात्यात गेला तर पहिलं बोट कुणाकडं जाईल? फाइल तो बनवतो, तोच पाठवतो, आणि पाठवल्याची नोंद पुसायची झाली तर तेही त्यालाच जमतं. त्यानं केलं नसलं तरी ‘मी केलं नाही’ हे तो दाखवणार कशानं? लॉग काढून दाखवला तर लोक म्हणतील, लॉगसुद्धा तुझ्याच ताब्यात.

अण्णा : हे म्हणणं मला कळतं. आमच्या उपकोषागारात दुहेरी कुलूप होतं की. रोकड आणि स्टँपपेपर ज्या खोलीत, तिला दोन कुलपं. एक किल्ली अधिकाऱ्याकडं, दुसरी खजिनदाराकडं. एकट्याला दार उघडायचंच नाही. पण ते चाललं का, ते ऐक. दोन माणसं होती म्हणून चाललं. रोज, वेळेवर, दोघंही हजर. आज कुठल्याही कार्यालयात जा, खुर्ची रिकामी आणि तिचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्याकडं. एकेका तलाठ्याकडं दोन-दोन सज्जे. तू तीन अधिकार करशील आणि माणसं असतील दोन. मग एकाकडं दोन अधिकार जाणार. तो बार्शीला लग्नाला गेला की फोनवर सांगणार, ‘माझा पासवर्ड लिहून घे.’ तुझ्या लॉगमध्ये नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा. त्यापेक्षा एक माणूस आणि त्याची एक सही बरी. निदान नोंद तरी खोटी होत नाही.

अण्णांचा हा मुद्दा मला फार वजनाचा वाटतो. अधिकार वाटून द्यावेत हे तत्त्व काही नवं नाही. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी कॉम्प्युटरमधल्या माहितीच्या संरक्षणावरचा निबंध १९७५ साली लिहिला. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा आणि महत्त्वाचं कुलूप दोन किल्ल्यांनीच उघडावं, ही दोन्ही तत्त्वं त्यात आहेत. हे न पाळल्यावर काय होतं तेही जगानं पाहिलं आहे. लंडनची १७६२ सालची बेरिंग्ज बँक १९९५ मध्ये बुडाली, ती सिंगापुरातल्या एका माणसापायी. निक लीसन सौदे करत होता आणि त्या सौद्यांचे हिशेब मिटवणारं कामही त्याच्याच हाताखाली होतं. तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांचा. शेवटी ती बँक एका पौंडाला विकली गेली. तत्त्व बरोबरच आहे. पण त्यात माणसं पुरेशी आहेत हे गृहीत असतं, आणि अण्णांचा सगळा आक्षेप माणसांच्या तुटवड्याचा आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय ताईची बाजू कागदावरच राहते.

ताईनं लगेच उत्तर दिलं नाही. तिनं लॅपटॉप उघडून अण्णांपुढं सरकवला.

ताई : ही बघा पगाराची फाइल, नमुन्याची. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. एका ओळीत एक उत्पादक. केंद्राचा नंबर, उत्पादकाचा नंबर, नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, रक्कम. मध्ये नुसते स्वल्पविराम. कुलूप नाही, शिक्का नाही. आता मी या ओळीतल्या खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बदलते. बेरीज बघा.

अण्णा : बेरीज तीच.

ताई : ओळी?

अण्णा : तेवढ्याच. (थोडं थांबून) म्हणजे मी दर पगाराला जी बेरीज जुळवतो, तिच्यात हे सापडायचंच नाही.

ताई : नाही सापडणार. आणि ही फाइल संध्याकाळी तयार होते, बँकेचं सॉफ्टवेअर ती सकाळी उचलतं. रातभर ती फोल्डरमध्ये पडून असते. त्या फोल्डरवर लिहायची मुभा ज्याला ज्याला आहे, त्याला हे करता येतं. बाहेरून चोर यायला नको.

अण्णा : मग फाइलला हात लावता येणार नाही असं करून टाक. फक्त वाचायची मुभा द्यायची.

ताई : तिथंच लोक फसतात. लिनक्सच्या सर्व्हरवर फाइल पुसायला फाइलवरचा अधिकार लागत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर लिहायचा अधिकार लागतो. फाइल तुम्ही ‘फक्त वाचा’ करून ठेवा. फोल्डरवर लिहायची मुभा असलेला माणूस ती पुसेल आणि त्याच नावाची दुसरी फाइल तिथं ठेवेल. वेगळी मनाई घातली नसेल तर सर्व्हर काही त्याला अडवत नाही. नाव बदलायची मुभा दिली तरी तेच. जुनीचं नाव बदलायचं आणि नवीला जुनीचं नाव द्यायचं. म्हणून संकलन केंद्राला द्यायची ती फक्त टाकायची मुभा. बघायची नाही, पुसायची नाही, नाव बदलायची नाही, वरून लिहायची नाही.

अण्णा : आणि केंद्रावर दुधाचा फॅट चुकीचा टाकला तर? ३.५ च्या जागी ५.३ पडला, तर दुरुस्त कसा करायचा?

ताई : दुरुस्तीची वेगळी फाइल पाठवायची. पहिली जागेवरच राहते.

अण्णा : फेरफारासारखं म्हण की. जुनं नाव खोडत नाहीत, कंसात जातं, आणि नवी नोंद नव्या नंबरानं.

ताई : अगदी तसंच. आणि फेरफाराचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून विचारते. तलाठी नोंद घेतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि प्रमाणित कोण करतं?

अण्णा : मंडळ अधिकारी. १९६६च्या जमीन महसूल संहितेचं १५० कलम. कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधीचं.

ताई : मग ई-फेरफार आलं तेव्हा ‘कशाला दोघं, तलाठ्यालाच सगळं करू द्या’ असं कुणी म्हणालं का? नाही. नोंद घेणारा वेगळा आणि प्रमाणित करणारा वेगळा, हे तसंच ठेवलं. दोघांच्या डिजिटल सह्या वेगवेगळ्या. जमिनीच्या बाबतीत हे आपल्याला पटतं. दुधाच्या पैशाच्या बाबतीत का पटू नये?

अण्णा : पटत नाही असं नाही. पण त्या डिजिटल सहीचं टोकन गावोगाव कुणाच्या ड्रॉवरमध्ये असतं, कोण लावतं, कोण पिन टाकतं, ते तू बघितलं आहेस का? अधिकार कागदावर वेगळे झाले म्हणून हात वेगळे होत नाहीत. माझं भांडण तेवढंच आहे.

खरं तर इथून पुढं दोघांचं भांडण तत्त्वाचं राहत नाही, तपशिलाचं होतं. किती वाटायचं, आणि कमी माणसांत कसं वाटायचं? फाइल ट्रान्सफरच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकांत भूमिकांची लांबलचक यादी असते. सुपर ॲडमिन, वापरकर्त्यांचा ॲडमिन, डोमेनचा ॲडमिन, किल्ल्यांचा ॲडमिन, अहवाल बघणारा. छोट्या संस्थेनं ती यादी जशीच्या तशी उचलली, की अण्णा म्हणतात तेच होतं. नावं पाच आणि पासवर्ड एकाच्याच डायरीत.

ताई : बरं, मग संस्थेत माणसं किती, तिथूनच सुरुवात करू. कामं मला तीनच वेगळी दिसतात. एक, वापरकर्ते तयार करायचे आणि कुणाला कुठलं फोल्डर ते ठरवायचं. दोन, प्रत्यक्ष फाइल बनवायची आणि पाठवायची. तीन, काय झालं ते नुसतं बघायचं. बाकी सगळं यातच येतं.

अण्णा : आमच्याकडं माणसं अडीच. पोरगा, सचिव, आणि अर्धा दिवस येणाऱ्या लेखापाल बाई.

ताई : अडीच पुरेत. पहिली दोन कामं वेळ पडली तर एकाकडं गेलेली मला आवडणार नाहीत, पण मी ते चालवून घेईन. तिसरं काम मात्र त्या दोघांपैकी कुणाकडंही कधीच जाऊ द्यायचं नाही. बघणारा करणाऱ्यापासून वेगळा पाहिजे. आणि बघायला कॉम्प्युटर शिकलेला माणूस लागत नाही. बाईंना रोज संध्याकाळी एक यादी मेलवर जाईल. आज कोण कोण आत आलं, कुठली फाइल आली, कुठली गेली, कुणाचे अधिकार बदलले. त्यांनी ती वाचायची. सर्व्हरवर त्यांना दुसरं काही करता येणार नाही. आणि लॉगची एक प्रत दर मिनिटाला या इमारतीबाहेरच्या दुसऱ्या मशीनवर जाईल, तिथं पोराचा हात पोचणार नाही.

अण्णा : किती दिवस ठेवायचा तो लॉग?

ताई : सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश आहेत, लॉग १८० दिवस जपायचे. मी तर वर्षभर ठेवीन. लेखापरीक्षण वर्षानं होतं. सहा महिन्यांनी पुसलेला लॉग ऑडिटरला दाखवणार कसा?

अण्णा : ते ठीक. आता बार्शीच्या लग्नाचं सांग.

ताई : रजेवर जाणाऱ्यानं पासवर्ड द्यायचा नाही, अधिकार द्यायचा, आणि तोही तारीख घालून. सचिव चार दिवस नसतील तर त्यांचा अधिकार बदलीच्या माणसाला त्याच्याच नावानं चार दिवसांपुरता मिळतो. पाचव्या दिवशी तो आपोआप जातो. काही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. नसली तर सचिव आल्या दिवशी हातानं काढायचा, आणि काढला की नाही ते बाईंच्या यादीत दिसतं. लॉगमध्ये नाव ज्याचं हात त्याचाच.

अण्णा : हां. हे आमच्या कार्यभाराच्या आदेशासारखं झालं. आदेशाशिवाय कार्यभार नाही आणि तारखेशिवाय आदेश नाही. हे मला चालेल.

ताई : अजून एक भोक आहे. वापरकर्त्यांचा ॲडमिन स्वतःच स्वतःला पगाराच्या फोल्डरचा अधिकार देऊ शकतो. किंवा एक खोटा वापरकर्ता तयार करतो, त्याला सगळे अधिकार देतो आणि त्याच्या नावानं आत येतो. म्हणून दोन गोष्टी तपासून घ्यायच्या. जो अधिकार स्वतःकडं नाही तो त्याला दुसऱ्याला देता येता कामा नये. आणि त्याच्या वरच्या ॲडमिनचा पासवर्ड त्याला बदलता येता कामा नये. दुसरी गोष्ट कितीतरी ठिकाणी उघडी असते. ‘पासवर्ड विसरलेल्यांना नवा देणे’ हे काम फुटकळ वाटतं, म्हणून ते कुणालाही सोपवतात. पण सुपर ॲडमिनचा पासवर्ड जो बदलू शकतो तोच खरा सुपर ॲडमिन, त्याच्या पदाचं नाव काही का असेना.

अण्णा काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे विचारलं, त्यानं ताई अडचणीत आली.

अण्णा : तू पोरगा, सचिव, बाई असं मोजलंस. हे सॉफ्टवेअर ज्यानं बसवलं त्याचं काय? पुण्यातनं फोन करतो, ‘एनीडेस्क चालू करा’ म्हणतो, आणि मग माऊस आपोआप फिरतो. त्याचा अधिकार कुठला?

ताई : (सावकाश) सगळा.

अण्णा : तो मोजलास का?

ताई : नव्हता मोजला.

अण्णांनी बोट ठेवलं ती जागा साऱ्या जिल्ह्याची आहे. पतसंस्था असो, कारखाना असो, खासगी दवाखाना असो, सॉफ्टवेअर बसवणाऱ्याचं खातं कायम उघडं असतं. पासवर्ड बसवल्या दिवशीचा, आणि त्या कंपनीतून तो माणूस नोकरी सोडून गेला तरी कुणी बदललेला नसतो. संस्थेतल्या तीन माणसांत अधिकार कसे वाटायचे यावर बैठक होते आणि सर्वांत मोठा ॲडमिन त्या बैठकीला नसतोच.

मूळ फाइल ट्रान्सफरच्या नियमांत या अवघड वाटण्या नव्हत्या. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये ते नियम लिहिले, तेव्हा मोजक्या संस्थांतली, एकमेकांना ओळखणारी यंत्रं जोडायची होती. आज त्याच कामाच्या सॉफ्टवेअरवर टोळ्या टपलेल्या असतात. २०२३च्या मेअखेर क्लॉप नावाच्या टोळीनं मूव्हइट या फाइल ट्रान्सफर सॉफ्टवेअरमधल्या दोषाचा फायदा घेऊन जगभरच्या दोन हजारांहून जास्त संस्थांची माहिती उचलली. जानेवारी २०२४ मध्ये गोएनीव्हेअर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला दोष जाहीर झाला. लॉगिन न करताच बाहेरच्या माणसाला त्यात नवा ॲडमिन तयार करता येत होता. अण्णांना हे सांगितलं, तर ते म्हणतील, मग तुमच्या वाटण्यांचा उपयोग काय? उपयोग एवढाच की नवा ॲडमिन तयार झाल्याची ओळ त्याच संध्याकाळी बाईंच्या यादीत दिसते, आणि तो कुणी तयार केला असं विचारणारं कुणीतरी जागेवर असतं. जिथं ॲडमिन एकच, तिथं तो प्रश्न विचारायलाच कुणी नसतं.

ताई : पुण्याच्या माणसाचं खातं बंद ठेवायचं. काम निघेल तेव्हा सचिवांनी उघडायचं, दोन तासांसाठी, आणि काम संपलं की बंद. तो आत असताना पोरानं स्क्रीनसमोर बसायचं. एनीडेस्क कायम चालू नको.

अण्णा : त्याला राग येईल.

ताई : येऊ दे. त्याचीही राखण होते त्यात. पोराच्या बाबतीत बोललो तीच गोष्ट. काही झालं तर ‘त्या दिवशी माझं खातं बंद होतं’ असं त्याला दाखवता येईल.

अण्णा : बरं. माझीही एक अट लिही. कॉम्प्युटरमधले अधिकार कितीही वाटलेस तरी हातानं एक ताळा पाहिजे. बेरीज जुळते आणि खातं बदललेलं असतं, हे तू मला आत्ताच दाखवलंस. मग बेरीज रकमांची नको, खाते क्रमांकांची घे. प्रत्येकाच्या खात्याचे शेवटचे चार आकडे घ्यायचे आणि त्यांची बेरीज मारायची. तिला अर्थ काही नाही, पण एक आकडा हलला की ती हलते. जुने हिशेबनीस हे करायचे. दर दहा दिवसांनी बाईंनी ती त्यांच्या वहीतल्या यादीवरून काढायची आणि बँकेनं उचललेल्या फाइलशी ताडून बघायची.

ताई : कॉम्प्युटरमध्ये असाच एक ताळा असतो, त्याला हॅश म्हणतात. एक अक्षर बदललं की सगळा आकडा बदलतो. तो मी आपोआप काढून देते.

अण्णा : तो तू काढ. माझा बाई काढतील. तुझा जिथं निघतो ते मशीन पोराच्या ताब्यात आहे. बाईंची वही नाही.

ताई : (मान डोलावत) हे मी लिहून घेते.

अण्णांची ही अट मला ताईच्या सगळ्या मांडणीइतकीच मोलाची वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे काढायच्या मागणीला होकार द्यायचं काम बँकेच्या यंत्रणेचं. चोरांनी मालवेअर घालून मध्येच आपला खोटा होकार देणारा बसवला होता. संमती देणारी यंत्रणाच खोटी निघाली, तर यंत्रणेच्या आतले अधिकार कितीही नीट वाटलेले असोत, ते चोरी रोखायला पुरत नाहीत. बाहेर एखादा ताळा लागतो, दुसऱ्याच्या हातातला. दूध संस्थेजवळ तो आधीपासून आहे. उत्पादकाला रोज मिळणारी लिटर, फॅट, एसएनएफची पावती आणि लेखापाल बाईंची वही. २०२४ साली गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचं सरकारी अनुदान थेट खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा उत्पादकांची खाती आणि जनावरांच्या कानातले बिल्ले यांच्या याद्या भरताना कार्यालयांची किती दमछाक झाली, हे दूधवाल्यांना ठाऊक आहे. त्या याद्या आता आहेत. त्यातलं खातं पगाराच्या फाइलमधल्या खात्याशी जुळतं का, एवढं बघायला काय लागतं?

राहिला सुपर ॲडमिन. वाटणी केली तरी सगळं उघडणारा एक पासवर्ड उरतोच. सर्व्हर बसला, वापरकर्त्यांचा ॲडमिन दवाखान्यात आहे आणि उद्या पगार आहे, अशा वेळी तो लागतो. रोजच्या कामाला तो वापरायचा नाही, यावर दोघांचं एकमत होतं. ठेवायचा कुठं, यावर नव्हतं.

ताई : कागदावर लिहायचा, पाकिटात घालायचा, सील करायचं, तिजोरीत ठेवायचा. उघडला तर रजिस्टरला नोंद, आणि काम झालं की लगेच नवा पासवर्ड, नवं पाकीट.

अण्णा : आमच्या उपकोषागारात जादा किल्ल्या अशाच लाखबंद पाकिटात दुसरीकडं ठेवायची रीत होती. पण तिजोरी कुणाची? अध्यक्षांच्या ताब्यात नको. दर पाच वर्षांनी निवडणूक. हरलेला अध्यक्ष पाकीट देईना झाला, तर दुधाचा पगार अडला.

ताई : बँकेच्या लॉकरमध्ये.

अण्णा : रविवारी बँक बंद. तुझा सर्व्हर रविवार बघून बसत नाही.

ताई : मग पासवर्डचे दोन तुकडे करू. अर्धा एकाकडं, अर्धा दुसऱ्याकडं.

अण्णा : झालं, दुहेरी कुलूप. आणि दोघांतला एक पंढरीच्या वारीला गेला, तर? परत माझाच प्रश्न.

ताईनं कागद ओढला. तीस अक्षरांचा एक पासवर्ड लिहिला आणि दहा-दहा अक्षरांचे तीन तुकडे पाडले. पहिल्या पाकिटावर लिहिलं, पहिला आणि दुसरा तुकडा. दुसऱ्यावर, दुसरा आणि तिसरा. तिसऱ्यावर, पहिला आणि तिसरा.

ताई : आता कुठलीही दोन पाकिटं एकत्र आली की पूर्ण पासवर्ड मिळतो. एकट्यानं पाकीट फोडलं तर दहा अक्षरं कमीच पडतात. माणसं तीन, लागतात दोनच. एक वारीला जाऊ दे.

अण्णा : (तिन्ही पाकिटांवर बोट फिरवून पुन्हा पुन्हा जुळवून बघत) दहा अक्षरं कमी असली तर अंदाजानं लावता येत नाहीत का?

ताई : वाटेल ती अक्षरं घेतली असतील तर नाही. गावाचं नाव, जन्मतारीख असलं काही घालायचं नाही. म्हणून तर तीस घेतली.

अण्णा : एक सचिवांकडं. एक बाईंकडं?

ताई : बाईंकडं नको. त्या बघणाऱ्या आहेत. त्यांच्याकडं आत यायचा कुठलाच रस्ता नको, अर्धासुद्धा.

अण्णा : हे बरोबर. मग दुसरं प्लँटच्या मॅनेजरकडं. तिसरं?

ताई : ऑडिटर.

अण्णा : ऑडिटर वर्षातून एकदा येतो, आणि तोही बघणाराच. शेजारच्या केंद्राच्या सचिवांना विचार. त्यांचं पाकीट आपण सांभाळू, आपलं ते सांभाळतील. पण आधी संचालक मंडळात ठराव कर. ठरावाशिवाय मी कुणाचं पाकीट घरात ठेवणार नाही.

ताई : या महिन्याच्या बैठकीत घेते.

अण्णा : आणि त्या ठरावात पुण्याच्या माणसाचं खातं बंद ठेवायचं, तेही घाल. पहिल्या नंबरावर घाल.